दाढ उपटण्याआधी एकदा विचारा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे दोन वाजले असतील. माझी अकरा वर्षांची मुलगी उशीत तोंड खुपसून रडत होती. खालची उजवी दाढ ठणकत होती. तिच्या आईने लवंग कुटून कापसात घालून दाढेत धरायला दिली. आजीने मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. पहाटे केव्हातरी पोरीचा डोळा लागला.

सकाळी उजेडात मी तिचे तोंड उघडून पाहिले. दाढेच्या मधोमध ज्वारीचा दाणा मावेल एवढा काळा खड्डा होता. मी मनात म्हटले, दुधाची दाढ आहे, आज ना उद्या पडायचीच आहे. कचेरीत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तिला जवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेलो. तिथे सांगितले, "काढून टाकू. पाच मिनिटांचे काम." पैसेही खिशाला परवडतील एवढेच सांगितले. मी हो म्हणणारच होतो. पण मुलगी काही केल्या खुर्चीत बसेना. शेवटी तिला तशीच घरी आणली.

आमच्या शेजारी एक मावशी राहतात. सरकारी दवाखान्यात आया म्हणून त्यांनी जन्म काढला. त्या म्हणाल्या, "भाऊ, उपटायची घाई करू नका. आधी दातांच्या कॉलेजात दाखवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी केसपेपर काढून रांगेत उभे राहिलो. एका शिकाऊ डॉक्टर मुलीने तपासले, एक्स-रे काढला आणि मला जवळ बोलावून म्हणाली, "काका, ही दुधाची दाढ नाही. ही कायमची दाढ आहे. सहाव्या वर्षी आलेली. ही गेली तर तिथे दुसरी येणार नाही."

वाचकहो, मी बी.कॉम. झालेला माणूस. दिवसभर कचेरीत आकडे तपासतो. संध्याकाळी वस्तीत लोकांचे अर्ज भरून देतो, मुलांना शिकवा म्हणून सभांतून सांगतो. आणि माझ्याच मुलीच्या तोंडात पाच वर्षांपूर्वी कायमची दाढ उगवली, हे मला ठाऊक नव्हते! जी दाढ तिला जन्मभर पुरायची होती, ती मी पाच मिनिटांत उपटून टाकायला निघालो होतो. त्या दिवसाची लाज मनात ठेवून हा लेख लिहीत आहे.

आपल्या घरात दाताचा इलाज म्हणजे काय?

आपल्या कष्टकरी घरांत दात दुखला की लवंग, मग गोळी, मग सोसणे आणि शेवटी उपटणे, असा क्रम ठरलेला आहे. याला आळस म्हणता येणार नाही. दवाखान्यात जायचे म्हणजे कामाचा खाडा. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा खाडा म्हणजे मालकिणीची बोलणी, बिगाऱ्याचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. म्हणून माणूस म्हणतो, एकदाच जाऊ आणि कायमची कटकट मिटवू.

पण कटकट मिटत नाही. एक दाढ गेली की शेजारचे दात त्या मोकळ्या जागेकडे कलतात. समोरच्या ओळीतला दात टेकू नाही म्हणून खाली किंवा वर सरकतो. फटीत घास अडकतो आणि तिथे नवी कीड लागते. माणूस एकाच बाजूने चावू लागतो. दोन-चार दाढा गेल्या की भाकरी पाण्यात भिजवून खायची वेळ येते. शेंगदाणे, हरभरे, काकडी, मटण ताटातून बाहेर जाते. ज्याचे पोट अंगमेहनतीवर आहे, त्याला हे परवडणारे आहे काय?

आज दंतवैद्यकाकडे दात वाचवण्याचे अनेक उपाय आहेत. ते कोणते, केव्हा करायचे आणि कुठे कमी पैशांत होतात, एवढे प्रत्येक घराला माहीत असले पाहिजे.

कीड म्हणजे अळी नव्हे

आधी एक गैरसमज दूर करू. दाताला 'कीड लागली' असे आपण म्हणतो, पण दातात कसलाही किडा नसतो. रिंगणीच्या बियांचा धूर तोंडात देऊन 'हे बघा किडे पडले' म्हणून पाण्यात दाखवणारे लोक आजही बाजारात, जत्रेत भेटतात. पाण्यात दिसते ते दातातून आलेले नसते. फ्रान्समधला दंतवैद्य पिएर फोशार याने १७२८ साली आपल्या ग्रंथात दातातल्या किड्याची समजूत खोडून काढली. त्याला आता जवळजवळ तीनशे वर्षे होतील. डोळ्यांनी दाखवले तरी तपासून घ्यावे, मगच मानावे, ही शिकवण आपल्याला नवी नाही.

खरे कारण असे आहे. आपल्या तोंडात अतिसूक्ष्म जंतू असतात. दातांवर जो चिकट पांढुरका थर जमतो, त्यात ते राहतात. आपण गोड किंवा पिठूळ खाल्ले की हे जंतू त्यावर जगतात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताचे कठीण कवच झिजवते. लाळ पुन्हा ते भरून काढायचा प्रयत्न करते, पण त्यासाठी तिला वेळ लागतो. दर तासाला चहा-बिस्किट, येता-जाता गोळी-चॉकलेट, असे चालले तर लाळेला सवडच मिळत नाही. म्हणजे गोड किती खाल्ले यापेक्षा ते दिवसातून किती वेळा खाल्ले याला जास्त महत्त्व आहे. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्री न घासता झोपणे सर्वांत वाईट. तान्ह्या मुलाच्या तोंडात गोड दुधाची बाटली ठेवून त्याला झोपवू नये, ते याचसाठी.

दाताचे कवच आतून-बाहेरून सारखे नसते. वरचे कवच शरीरातली सर्वांत कठीण वस्तू. त्याच्या खाली मऊ भाग आणि अगदी आत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा गाभा असतो. त्यालाच आपण दाताची 'नस' म्हणतो. कीड कवचात असते तोवर काहीच दुखत नाही. खालच्या भागात पोचली की थंड, गोड लागताच कळ येते. नसेपर्यंत गेली की रात्रीचा ठणका सुरू होतो. इलाज कोणता, हे कीड कुठवर पोचली यावर ठरते.

पहिली पायरी : खड्डा भरणे

कीड नसेपर्यंत पोचली नसेल तर दात भरून घेणे हा उपाय. बहुतेक वेळा एका फेरीत काम होते. डॉक्टर किडलेला मऊ भाग कोरून काढतात, जागा स्वच्छ व कोरडी करतात आणि त्यात मसाला भरतात. खड्डा खोल असेल तर आधी भुलीचे इंजेक्शन देतात, त्यामुळे दुखत नाही.

भरायचे मसाले मुख्यतः तीन.

पहिला 'चांदी'. ही शुद्ध चांदी नसते. चांदी, कथील, तांबे यांची पूड पाऱ्यात कालवलेली असते आणि त्यात निम्म्याच्या आसपास पारा असतो. भरणी मजबूत होते, वर्षानुवर्षे टिकते. पण पारा पर्यावरणाला घातक आहे. म्हणून पाऱ्यासंबंधीच्या मिनामाटा आंतरराष्ट्रीय करारात ही भरणी कमी करत नेण्याचे ठरले आहे. भारत २०१८ सालापासून या करारात आहे. पंधरा वर्षांखालील मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी ही भरणी टाळावी, असे २०२२ साली करारातील देशांनी ठरवले. ज्यांच्या दाढेत जुनी चांदी घट्ट बसलेली आहे, त्यांनी मात्र घाबरून ती काढायला जाऊ नये. नीट बसली असेल तर राहू द्यावी.

दुसरा 'सिमेंट'. बांधकामाचे नव्हे, दातांचे. हे दाताला आपोआप चिकटते आणि त्यातून थोडे थोडे फ्लोराईड सुटत राहते, ते कीड रोखायला मदत करते. चावण्याच्या जोराला थोडे कमी टिकते. पण मुलांच्या दातांना, हिरडीलगतच्या खड्ड्यांना हे चांगले.

तिसरा दाताच्या रंगाचा मसाला, ज्याला कॉम्पोझिट म्हणतात. हा थराथराने भरतात आणि निळ्या उजेडाचा दिवा धरून घट्ट करतात. पुढच्या दातांना हा शोभतो आणि आता दाढांनाही वापरतात. याला थोडा जास्त वेळ आणि थोडा जास्त पैसा लागतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. १९८० नंतरच्या दशकात आफ्रिकेतल्या टांझानिया देशात, जिथे वीज नाही, मशीन नाही, अशा ठिकाणी दंतवैद्यांनी एक रीत तयार केली. फक्त हातातल्या अवजारांनी कीड खरवडून काढायची आणि खड्डा सिमेंटने भरायचा. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेने ही रीत जगापुढे ठेवली. पुढे २०२१ साली याच संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत दातांचे हे सिमेंट आणि फ्लोराईडची टूथपेस्ट यांना जागा दिली. म्हणजे दात वाचवणे ही श्रीमंतांची चैन नाही. शाळेच्या वर्गात बाकावर निजवूनही दात भरता येतो. हे आपण ऐकले पाहिजे आणि मागितलेही पाहिजे.

दुखायचे थांबले, म्हणून बरे झाले?

आता सर्वांत मोठ्या फसगतीबद्दल. दाढ आठ-दहा दिवस ठणकते. माणूस गोळ्यांवर दिवस काढतो. मग एक दिवस ठणका आपोआप थांबतो. घरातले म्हणतात, "बघ, लवंगेने उतार पडला."

उतार पडलेला नसतो, दाताची नस मेलेली असते. मेलेली नस दुखत नाही, पण ती आत सडू लागते. जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, तिथे पू धरतो. महिन्या-दोन महिन्यांनी हिरडीवर पुळी येते, फुटते, पुन्हा येते. एके दिवशी गाल सुजतो. म्हणून आधी ठणकणारी दाढ गप्प झाली तर निश्चिंत होऊ नका. दवाखान्यात जायची तीच वेळ आहे.

लवंगेच्या तेलाने बधिरपणा येतो, हे खरे आहे. पण तो रात्र निभावण्यापुरता. कीड त्याने जात नाही. काही जण दाढेवर डोकेदुखीची गोळीच चेपून ठेवतात. त्याने हिरडी भाजते. तसे मुळीच करू नये. तसेच औषधाच्या दुकानातून मनाने दुखण्याच्या गोळ्या आणून आठवडे-आठवडे खाणे पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधते.

दुसरी पायरी : रूट कॅनल

नस खराब झाली, तरीही दात वाचू शकतो. त्याला रूट कॅनल म्हणतात. या नावाची उगाच धास्ती आहे. माझ्या मुलीचे झाले तेव्हा मी शेजारी उभा होतो, म्हणून पाहिले तेच सांगतो.

आधी भूल दिली. ते इंजेक्शन टोचले तेवढेच तिला दुखले. मग दाढेला वरून छोटे भोक पाडून आतली सडलेली नस काढली. दाढेच्या मुळांतून बारीक नळ्या जातात. खालच्या दाढेत बहुधा तीन असतात, कधी चार. त्या नळ्या सुईसारख्या बारीक कानशींनी घासल्या, औषधी पाण्याने धुतल्या. मध्ये एक्स-रे काढून कानस मुळाच्या टोकापर्यंत पोचली की नाही ते पाहिले. औषध घालून वरून तात्पुरते बंद केले आणि पुढची तारीख दिली. पुढच्या फेऱ्यांत नळ्या कोरड्या करून गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने भरल्या. हा पदार्थ झाडाच्या चिकापासून मिळतो. शेवटी वरचा खड्डा पक्का भरला.

काही ठिकाणी हे सगळे एका बैठकीत करतात, काही ठिकाणी दोन-तीन फेऱ्या लागतात. पू जास्त असेल तर फेऱ्या वाढतात. नंतर दोन-चार दिवस चावताना थोडे दुखते, ते ओसरते.

एक चूक मात्र फार जण करतात. पहिल्या फेरीत ठणका थांबला की दुसऱ्या फेरीला जातच नाहीत. तात्पुरते सिमेंट काही आठवड्यांत झिजून गळते, जंतू पुन्हा आत शिरतात आणि केलेले सगळे काम, दिलेला पैसा पाण्यात जातो. रूट कॅनल सुरू केले तर ते शेवटपर्यंत न्यायचेच.

तिसरी पायरी : टोपी

नस काढलेली दाढ पोकळ झालेली असते, तिच्या भिंती पातळ उरतात. सुपारी किंवा हाड चावताना ती उभी फुटू शकते आणि उभी फुटलेली दाढ सहसा वाचत नाही. म्हणून दाढेवर टोपी घालतात, तिला आपण 'कॅप' म्हणतो. दाढ चारी बाजूंनी थोडी घासून तिचे माप घेतात आणि मापाची टोपी बनवून सिमेंटने बसवतात.

टोपी नुसत्या धातूची असते, धातूवर चिनी मातीचा दाताच्या रंगाचा थर दिलेली असते, किंवा झिर्कोनिया नावाच्या पांढऱ्या कठीण पदार्थाची असते. मागच्या दाढेला धातूची टोपी मजबुतीत कमी नसते आणि स्वस्त पडते. "साधी धातूची चालेल का?" असे डॉक्टरांना विचारायला लाजू नका. त्यात कमीपणा काहीच नाही.

उपटावाच लागला तर

दात काढणे नेहमीच चूक असते असे नाही. दाढ मुळापर्यंत फुटली असेल, हिरडीच्या रोगाने खिळखिळी झाली असेल, हाडात वाकडी अडकलेली अक्कलदाढ पुन्हा पुन्हा सुजत असेल, किंवा वर भरायलाही काही उरले नसेल, तर काढणेच बरे. वरचा दात काढल्याने डोळे जातात, ही समजूत मात्र खोटी आहे. या भीतीने कित्येक जण पू धरलेला दात वर्षानुवर्षे तोंडात बाळगतात.

दात काढल्यावर दिलेला कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरावा. त्या दिवशी जोराने थुंकू नये, चुळा भरू नयेत, बिडी-सिगारेट ओढू नये. जखमेवर धरलेली रक्ताची गाठ निसटली तर हाड उघडे पडते आणि दुखणे दुप्पट होते. मधुमेह असेल, हृदयाचा आजार असेल, रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर हे आधीच डॉक्टरांना सांगावे.

काढलेल्या दाताच्या जागी काढ-घाल करायची कवळी, दोन्ही बाजूंच्या दातांवर टेकवलेला ब्रिज किंवा हाडात बसवायचा स्क्रू, असे तीन मार्ग आहेत. कवळी सर्वांत स्वस्त. ब्रिजसाठी दोन्हीकडचे चांगले दात घासावे लागतात. स्क्रूचा खर्च सर्वांत जास्त.

आता हिशोब पाहा. वेळीच भरला असता तर एक फेरी. नसेपर्यंत गेल्यावर रूट कॅनल आणि टोपी मिळून चार-पाच फेऱ्या. उपटला तर त्या दिवशी एकच फेरी, पण पुढे ब्रिजसाठी आणखी तीन-चार आणि वर शेजारचे दोन चांगले दात घासले गेले, ते वेगळेच. कचेरीत मी रोज खतावणी लिहितो. त्यात याला बचत म्हणत नाहीत, उधारी म्हणतात.

सहाव्या वर्षीची दाढ

आई-बापांनी हा भाग दोनदा वाचावा. मुलाचे दुधाचे दात वीस असतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास, सर्वांत मागच्या दुधाच्या दाढेच्याही मागे, वर दोन आणि खाली दोन अशा चार नव्या दाढा येतात. त्यांच्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही. त्या गुपचूप येतात आणि आपण त्यांना दुधाच्या समजतो. त्या कायमच्या आहेत. त्यांच्यावर बारीक खोल चिरा असतात, तिथे कीड लवकर बसते. त्या उगवताच चिरा पातळ मसाल्याने बुजवून घेता येतात. यात कोरणे नाही, सुई नाही. मुलाला काही कळतही नाही.

दुधाच्या दातांकडेही दुर्लक्ष नको. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दातांची जागा राखतात. त्या लवकर गेल्या तर पुढचे दात वेडेवाकडे येतात. दुधाची दाढ भरता येते, तिच्या नसेचा इलाज होतो आणि तिच्यावर तयार स्टीलची टोपीही बसवता येते. फार लहान मूल बसतच नसेल, तर चांदीचे आणि फ्लोराईडचे एक औषध किडीवर नुसते लावतात. कीड तिथेच थांबते. डाग काळा पडतो, पण ठणका टळतो.

कुठे जायचे?

मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलजवळ आहे, १९३३ सालापासून चालू असलेले. सरकारचे दंत महाविद्यालय सीएसएमटी स्टेशनजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे. नागपुरात मेडिकलच्या परिसरात आणि छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबादला) घाटी रुग्णालयाजवळ सरकारी दंत महाविद्यालये आहेत. गोव्यात बांबोळी येथे आहे. खासगी दंत महाविद्यालयांतही बाहेरच्या दवाखान्यापेक्षा कमी पैशांत काम होते. तिथे शिकाऊ डॉक्टर काम करतात म्हणून बिचकू नये. त्यांच्या डोक्यावर शिकवणारे डॉक्टर उभे असतात आणि प्रत्येक टप्पा तपासतात. वेळ मात्र जास्त लागतो. सकाळी लवकर जावे, केसपेपर जपून ठेवावा, पुढची तारीख चुकवू नये.

ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो, त्यांनी आपल्या ईएसआय रुग्णालयात दातांच्या विभागाची चौकशी करावी. सरकारी शाळा व अंगणवाडीतील मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते. हा कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला आणि दातांचे आजार त्यात मोडतात. तपासणीचे पथक शाळेत येते तेव्हा मुलाच्या दाताचे काय सांगितले, हे शिक्षकांना विचारा. चिठ्ठी दिली असेल तर ती दप्तरात राहू देऊ नका.

रस्त्यावर बसून दात बसवणाऱ्याकडे किंवा पदवी नसलेल्याकडे जाऊ नये. न उकळलेल्या अवजारांतून कावीळ आणि एचआयव्हीसारखे आजार पसरू शकतात. दातांच्या डॉक्टरची पदवी बीडीएस असते आणि त्याची नोंदणी दंत परिषदेकडे असते. पाटीवर ते पाहावे.

आणि हे विसरू नका. जबड्याखाली सूज आली, तोंड उघडत नाही, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतो, ताप आहे, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्यावे. दाढेच्या पुवाने माणूस दगावू शकतो.

मिश्रीचा डबा

आपल्या आया-बहिणींत मिश्री लावायची सवय जुनी आहे. दात दुखतो म्हणून लावायची आणि मग ती सुटत नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. हिरड्या त्याने झिजतात, मुळे उघडी पडतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर आहेच. दुखणे दबते, म्हणून दात बरा होतो असे वाटते. माझ्या आईने मिश्री सोडली तेव्हा तिच्या दाढा निम्म्या गेल्या होत्या. आता नातीला ती सांगते, "बाई गं, माझं बघून शहाणी हो."

तोंड स्वच्छ ठेवणे ही आपल्याकडे जुनी शिकवण आहे. तथागतांनी भिक्खूंना दंतकाष्ठ, म्हणजे दातवण, वापरायची अनुज्ञा दिली आणि त्याचे पाच फायदे सांगितले, असे विनयपिटकातील चुल्लवग्गात नोंदलेले आहे. तोंडाची दुर्गंधी जाते आणि अन्नाला रुची येते, हे त्यांतले दोन. आज आपल्या हाती ब्रश आणि फ्लोराईडची पेस्ट आहे. सकाळी एकदा आणि रात्री झोपताना एकदा, दोन मिनिटे. लहान मुलांना पेस्ट वाटाण्याएवढी, तीन वर्षांखालच्यांना तांदळाच्या दाण्याएवढी. घासल्यावर थुंकावे, भरमसाट चुळा भरू नयेत. प्रत्येकाचा ब्रश वेगळा. यापेक्षा स्वस्त इलाज जगात नाही.

या रविवारी एवढे करा

या रविवारी घरातल्या प्रत्येकाला उजेडात बसवा. मोबाईलची बॅटरी लावून तोंडात पाहा. मुलांच्या सर्वांत मागच्या दाढा पाहा. काळा ठिपका, खड्डा, हिरडीवर पुळी दिसली तर तारीख ठरवा. दुखायची वाट पाहू नका. वस्तीत, विहारात दंततपासणी शिबिर भरले तर आयोजकांना एक प्रश्न विचारा. नुसते तपासून चिठ्ठ्या देणार, की दात भरूनही देणार? आणि कोणी 'उपटून टाकू' म्हणाले तर शांतपणे विचारा, "डॉक्टर, हा वाचू शकेल काय?" हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

माझ्या मुलीच्या दाढेला पाच फेऱ्या लागल्या. माझ्या अडीच रजा गेल्या. शेवटच्या दिवशी धातूची टोपी बसली. घरी आल्यावर तिने फुटाण्याची पुडी उघडली, उजव्या बाजूने एक फुटाणा कडकन फोडला आणि माझ्याकडे पाहून हसली. तिची आजी बाजूलाच बसली होती. तिने दोन फुटाणे हातात घेतले, क्षणभर पाहिले आणि पुन्हा पुडीत ठेवले.